पांढऱ्या झाकणाची बाटली

एलुबीने कागदातल्या चिप्सवर व्हिनेगर ओतून घेतलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"काय गं फालेसी, यात पाणी घातलंस ना?"

फालेसी चुलीवरच्या खोलगट पत्र्यात बटाटे परतत होती. चहामळ्याच्या फाट्यावर तिचं हे एवढंच दुकान होतं, एक चूल, एक बाकडं आणि वर प्लॅस्टिकचा कागद. मुलंजेच्या डोंगरावरून चार दिवस उतरत असलेली झिमझिम त्या कागदावर साचत होती आणि ती मधूनमधून काठीने पाणी ढकलून देत होती.

"घातलं काल, सवयीने. गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. ही कालची उरलेली बाटली तुझ्या वाट्याला आली बघ. थांब, दुसरी देते."

"सवयीने म्हणजे?"

"अगं, ते लाल झाकणाचं कडक यायचं ना, एका बाटलीच्या चार व्हायच्या. ते बंद झालं. आता वाण्याकडे पांढऱ्या झाकणाचं येतं, ते तयारच असतं. त्यात पाणी घातलं की चिप्स नुसत्या भिजतात, आंबट होत नाहीत. माझी जुनी लाल बाटली परवा संपली म्हणून मला आत्ता कळलं."

"त्याच्याकडे कधीपासून आलंय?"

"दोन महिने होत आले असतील. तूही तिथूनच नेतेस की, सिस्टर. तुला नाही बोलला तो?"

एलुबीने कागद पुन्हा गुंडाळला. भूक लागलेली होती, सकाळी मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे दोन घास खाल्ले होते त्यावर दिवस गेला होता, पण आता घास उतरणार नव्हता.

आरोग्य केंद्र फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. शुक्रवारची संध्याकाळ, सगळं बंद झालेलं. तिने तपासणीच्या खोलीचं कुलूप काढलं, कपाटातून बाटली बाहेर काढली आणि खिडकीशी नेली. झाकण पांढरं. हे झाकण पांढरं आहे हे तिने पाहिलं नव्हतं असं नाही. रोज पाहिलं होतं. चष्मा नसल्यामुळे बाटली हातभर लांब धरून तिने चिठ्ठीवरची बारीक अक्षरं वाचली. पाच टक्के. पाणी न घालता वापरावे.

कितीतरी वर्षं ती दर सोमवारी सकाळी आल्या आल्या पहिलं काम तेच करत आली होती. एक पेला व्हिनेगर, तीन पेले उकळून गार केलेलं पाणी. आमटीत मीठ टाकताना कोणी मोजून बघत नाही, तसं. आधी जिल्ह्याहून औषधाची बाटली यायची. ती यायची थांबली तेव्हा तिने वाण्याकडचं कडक व्हिनेगर शोधून काढलं, वरिष्ठांना विचारून प्रमाण ठरवलं, आणि त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं. हात शिकला आणि डोळे बघायचे थांबले.

तिने नोंदवही उघडली. पांढरी बाटली पहिल्यांदा आणली तो आठवडा तिला आठवत होता, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या नर्सची बदली झाली आणि प्रसूतीपासून लसीपर्यंत सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात आलं. तिथून पुढे तपासणीचे सात मंगळवार, एकेचाळीस नावं. आणि एकेचाळीस नावांपुढे तिच्याच अक्षरात एकच शब्द, निर्दोष.

त्याआधीची पानं तिने उलटली. तिथे दर मंगळवारी एक तरी, कधी दोन, पांढरा डाग. व्हिनेगरचा बोळा गर्भाशयाच्या तोंडाला लावायचा, एक मिनिट थांबायचं. जिथे बिघडायला सुरुवात झाली असेल तिथली कातडी पांढरी पडते. मग गरम टोकाच्या यंत्राने त्या जागी थोडा वेळ चटका द्यायचा आणि बाई आपल्या पायांनी घरी जाते. तो डाग तसाच राहिला तर काही वर्षांत त्याचा कॅन्सर होऊ शकतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. रक्त जायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे सगळं एलुबी व्हरांड्यात उभी राहून इतक्या वेळा बोलली होती की आपलंच बोलणं तिला ऐकू येईनासं झालं होतं.

सात आठवड्यांत एकही डाग नाही, आणि तिला शंकासुद्धा आली नाही. उलट बरं वाटलं होतं. गेल्या महिन्यात जिल्ह्याहून शाबासकीचं पत्र आलं, ते तिने घरी नेऊन भिंतीला चिकटवलं होतं.

शनिवारी सकाळी ती ग्रेशियनसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. ग्रेशियन हा केंद्राचा प्रमुख, मेडिकल असिस्टंट. माणूस वाईट नव्हता. टेबलावर औषधांच्या मागणीचे अर्ज होते, त्यातले निम्मे गेल्या वर्षीचे, आणि खिडकीबाहेर डिझेलअभावी तीन आठवडे उभी असलेली रुग्णवाहिका.

सगळं ऐकून तो म्हणाला,

"बसा, सिस्टर."

"बसायला नाही आले, साहेब. एकेचाळीस जणींना परत बोलवायचंय."

"त्यांच्यापैकी कोणाची काही तक्रार?"

"तक्रार नसतानाच तर बघायचं असतं."

"ते मला माहीत आहे हो." त्याने डोळे चोळले. "मी म्हणतो, त्यांच्या कार्डावर तीन वर्षांनंतरची तारीख आहे. तेव्हा येतीलच की."

"डाग तीन वर्षं थांबेल कशावरून?"

"आणि तुम्ही खरं सांगितल्यावर या पायऱ्या परत कोणी चढेल कशावरून? एकेचाळीस वाचवायला जाल आणि पुढच्या चारशे घालवाल. याचाही विचार करा."

"कालपासून तोच करतेय."

ग्रेशियनने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"जिल्ह्याला काय लिहू?"

"जे झालं ते लिहा. चूक माझी आहे, माझं नाव लिहा."

"आधी बायका येतात का बघू. मग लिहितो." आणि ती दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाला, "सिस्टर, गेले दोन महिने तुमच्या जोडीला माणूस मागतोय मी. तेही लिहीन."

घरोघर जाऊन उपयोग नव्हता हे एलुबीला ठाऊक होतं. या खोऱ्यात बायकांच्या अंगाच्या गोष्टी एकाच दारातून जात-येत, आणि ते दार म्हणजे नाम्बेवे म्हातारी. वयात येणाऱ्या मुलींना आठ दिवस झोपडीत बसवून, बाईपण म्हणजे काय ते शिकवणारी. तिच्या हाताखालून तीन पिढ्या गेल्या होत्या. कंबरेला बांधायचे मण्यांचे सर प्रत्येकीला तिनेच पहिल्यांदा बांधून दिलेले. ते मणी नवऱ्याशिवाय कोणी बघायचे नाहीत, हेही तिनेच शिकवलेलं.

मळ्यातल्या निसरड्या वाटेने चढताना एलुबीचे गुडघे बोलत होते. सत्तेचाळीस वर्षांचे गुडघे. छत्रीची एक काडी तुटलेली होती आणि खांद्यावर पाणी गळत होतं. नाम्बेवेकडे जायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि त्याचं कारण फक्त व्हिनेगर नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी टेबल, दिवा आणि हत्यारं आली तेव्हा तीन महिने एकही बाई फिरकली नव्हती. नर्स लोखंडी चिमट्याने पिशवी ओढून काढते अशी बोलवा होती. आणि उत्तरेकडून आलेल्या परक्या बाईने आमचे मणी का बघावेत, हा सवाल होता. मग एका मंगळवारी नाम्बेवे पन्नास बायकांना घेऊन आली. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, आधी मी जाते, मग ठरवा. आत आली, पडदा लावून घेतला आणि टेबलावर न चढता सरळ स्टुलावर बसली.

"मी काही त्याच्यावर आडवी होणार नाही," ती हळूच म्हणाली होती. "माझ्या नवऱ्यानेसुद्धा मला दिव्याच्या उजेडात पाहिलेलं नाही. किती वेळ लागतो याला?"

"पंधरा मिनिटं."

"मग पंधरा मिनिटं बसू."

तिने कंबरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या गाठीतून शेंगदाणे काढले होते. दोघींनी बसून खाल्ले. मग म्हातारी बाहेर गेली आणि म्हणाली, काही नाही गं, मुंगी चावल्याएवढंही नाही. त्याच दिवशी चार जणी आत आल्या. पुढे दर मंगळवारी नाम्बेवे व्हरांड्यात चटई टाकून बसायची. बायका मणी काढून तिच्या मांडीवर ठेवायच्या आणि आत जायच्या. परक्या बाईसमोर उघडं व्हायला लागे, पण मणी आपल्या माणसाकडे असत. नऊ वर्षांत दोन हजारांहून जास्त बायका त्या मांडीवर मणी ठेवून आत आल्या.

पहिल्या वर्षी एलुबीने म्हातारीला दोनदा आठवण करून दिली होती. तिसऱ्यांदा द्यायला गेली तेव्हा म्हातारीने असं काही पाहिलं की हिने जीभ चावली. नंतर नंतर तपासणीसाठी ठरलेलं वयही उलटून गेलं आणि विषय आपोआप संपला. संपला असं एलुबीने मानून घेतलं, कारण तेच सोयीचं होतं.

"आजी, आहात का?"

"कुठे जाणार? ये."

नाम्बेवे ओसरीवर भिंतीला टेकून, घडी घातलेल्या पोत्यावर बसली होती आणि तुरीच्या शेंगा सोलत होती. एरवी ती उठून दोन्ही हातांनी नमस्कार करायची. आज उठली नाही. चुलीवर कसलीतरी मुळी उकळत होती, तिचा कडू वास सगळीकडे भरला होता. वळचणीखालच्या दोरीवर काळ्या कापडाच्या पट्ट्या वाळत टाकलेल्या होत्या. घरात दोन मोठ्या नाती होत्या, त्यांच्या असतील, असं एलुबीच्या मनात येऊन गेलं.

"तोंड का उतरलंय? कोणाचं कमी-जास्त झालं का?"

एलुबीने चिप्सपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. स्वतःला वाचवणारं काही मध्ये घातलं नाही. म्हातारीचे हात शेंगा सोलत राहिले.

"म्हणजे सात आठवडे तू पोरींना पाणी लावलंस."

"जवळजवळ पाणीच."

"आणि मी त्यांचे मणी घेऊन बाहेर बसले होते. बाहेर आली की प्रत्येकीला सांगत होते, जा आता, तीन वर्षं निवांत झोप."

"हो."

"तुला मी शहाणी समजत होते गं. तू तर माझ्यासारखीच निघालीस."

झिमझिम वाढली होती आणि कोंबडी पिलांना घेऊन ओसरीवर आली होती.

"काय सांगणार आहेस त्यांना?" नाम्बेवेने विचारलं.

"खरं."

"खरं सांगितल्यावर आजवर कोण चढलंय त्या टेबलावर?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट दोघींच्या मध्ये येऊन बसली. एलुबीने मान वर केली.

"आजी, त्या दिवशी मी तुम्हाला तसंच जाऊ द्यायला..."

"शेंगदाणे चांगले होते," नाम्बेवे म्हणाली आणि सोललेली तूर सुपात ओतली. "मंगळवारी घेऊन येते सगळ्यांना. पण काय सांगायचं ते तू सांग. माझं सांगून झालंय एकदा."

निघताना एलुबीने तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती.

"वाळलात हो आजी."

"थंडी आहे. आणि वय का थांबणार आहे? जा, अंधार होईल."

मंगळवारी नऊ वाजेपर्यंत व्हरांडा भरला. एकेचाळीसपैकी छत्तीस. बायका अंगाभोवती चितेंजे घट्ट लपेटून, पोरांना पाठीशी बांधून बसल्या होत्या. नाम्बेवे आपल्या चटईवर, आपल्या जागी. कोणाला काही माहीत नव्हतं. आजीने बोलावलं म्हणून आल्या होत्या.

एलुबीने बाटली हातात धरली आणि सांगून टाकलं. ही बाटली बदलली होती. मी वाचलं नाही. जुन्या सवयीने पाणी घातलं. तुम्हाला निर्दोष म्हणून जे लिहून दिलं ते धरू नका. कोणाला काही आहे असं मी म्हणत नाही, पण नाही असंही आता म्हणता येत नाही. चूक माझी आहे.

एकेचाळिसात फालेसीही होती. ती म्हणाली,

"अगं बाई. म्हणजे माझ्या चिप्सना आणि मला एकच बाटली?"

दोघीतिघी हसल्या. मग हसू गेलं आणि राग आला.

"कार्डावर शिक्का आहे तुझा," मोडेस्टा म्हणाली. तिच्या पाठीवर सहा महिन्यांचं मूल होतं. "यायच्या आधी नवऱ्याला समजावलं, घरात शब्द मामाचा, त्याला जाऊन समजावलं, त्याने हो म्हणायला महिना घेतला. आता त्याला काय सांगू? सिस्टर दमली होती?"

"दमले होते हे खरं आहे," एलुबी म्हणाली. "पण त्याला तसं नको सांगूस. चुकले असं सांग."

"आणि आज तरी खरं लावणार कशावरून?" मागून कोणीतरी विचारलं.

एलुबीने झाकण काढलं आणि बाटली पुढच्या बाईच्या हातात दिली. बाटली हातोहात फिरली. फालेसीने थोडं झाकणात ओतून घेतलं, बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटून घेतले.

"आज खरं आहे," ती म्हणाली.

तरी कोणी हललं नाही. मग एकीने छत्री उचलली, दुसरीने पोराला पाठीवर नीट बांधून घेतलं. पायरीशी दोघी उठून उभ्या राहिल्या. एलुबीला वाटलं, संपलं. ग्रेशियन म्हणत होता तसंच झालं. बाटली परत घ्यायला तिने हात पुढे केला.

तेवढ्यात नाम्बेवेने भिंतीला हात लावला आणि ती सावकाश उठली.

"चल. आधी मी."

"आजी, तुमचं तर नऊ वर्षांपूर्वीच झालंय की," मोडेस्टा म्हणाली.

"ही परत करायचं म्हणतेय ना? मग परत."

ती आत आली. पडदा तिने स्वतःच लावला. एलुबीने सवयीने स्टूल पुढे सरकवलं, पण म्हातारी स्टुलाजवळून पुढे गेली. कंबरेमागे हात नेऊन तिने गाठ सोडवली. एकच सर होता, लाल आणि काळे मणी, झिजून गुळगुळीत झालेले.

"हे कुठे ठेवू? बाहेर माझी मांडी असते. इथे कोणाची आहे?"

एलुबीने सर तिच्या हातातून घेतला आणि दिव्याच्या खिळ्यावर टांगला. मग तिला धरून टेबलावर चढवलं. काही वजनच लागलं नाही.

"दिवा जवळ घे," नाम्बेवे छताकडे बघत म्हणाली. "लाजून झालं आता माझं."

एलुबीने चितेंजे बाजूला केलं. आत घडी घालून ठेवलेली काळी पट्टी होती. ती हातात आल्यावर तिला वळचणीखालची दोरी आठवली आणि सगळं कळलं. कामाच्या सवयीने हात पुढे चालत राहिले. हत्यार बसवलं, दिवा वाकवला, पाहिलं. व्हिनेगरचा बोळा तिने बशीत तसाच ठेवून दिला. तिथे जे होतं ते दिसायला व्हिनेगर लागत नव्हतं.

"कधीपासून जातंय, आजी?"

"मागच्या पेरणीपासून."

"आठ महिने. आणि मला बोलला नाहीत."

"काय बोलू? दर मंगळवारी बाहेर बसून सांगत होते, माझं बघितलंय, काही नाही. कोणत्या तोंडाने बोलू?"

एलुबीला रडू आलं. तिने हातमोजे घातलेले होते म्हणून डोळे खांद्याला पुसले. तिला म्हातारीचा राग आला, स्वतःचा आला, आणि त्या मूठभर शेंगदाण्यांचा आला. नऊ वर्षांपूर्वी कदाचित एक डाग दिसला असता, तांदळाच्या दाण्याएवढा. एक चटका आणि चालत घरी. दोन हजार बायकांना तिने तो उजेड दाखवला होता, आणि जिने त्यांना आणलं तिला स्टुलावर बसवून ठेवलं होतं.

"ब्लांटायरला पाठवते तुम्हाला," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात. काय करता येतं ते बघतील. दुखणं तरी नक्की कमी करता येतं."

"ते नंतर. बाहेरच्या उठून जातील." नाम्बेवे कोपरावर रेलून उठली. एलुबीने तिला पट्टी बांधून दिली, चितेंजे गुंडाळून दिलं, पायात चपला सरकवल्या. म्हातारी क्षणभर टेबलाच्या कडेला बसून राहिली.

"त्या दिवशी मी बाहेर गेले आणि तू आत गप्प बसलीस," ती म्हणाली.

"आज मी बोलू का?"

"नको. तेव्हा मी बोलले होते, आताही मीच बोलायला हवं."

पडदा हलला. एलुबी हातमोजे काढून टाकत उभी होती आणि तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"ऐका गं," नाम्बेवे म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मला आहे. डाग नाही, पुढचं आहे. नऊ वर्षांपूर्वी मी आत गेले होते, पण दाखवलं नव्हतं. हिने हातही लावला नव्हता मला. बसून शेंगदाणे खाल्ले आणि बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, काही नाही. हिने तुम्हाला सात आठवडे फसवलं, तेही न कळता. मी नऊ वर्षं फसवत होते, कळून. आता ज्यांना घरी जायचंय त्यांनी जा. ज्यांना राहायचंय त्यांनी मणी काढा."

चटईवर ती बसल्याचा आवाज आला. मग पावसाची झिमझिम, एका मुलाचं किरकिरणं, आईचं त्याला थोपटणं. एलुबीने नवी बोळ्यांची बशी घेतली. बाटली खिडकीशी नेली, हातभर लांब धरून चिठ्ठीवरचं पुन्हा एकदा वाचलं, आणि व्हिनेगर सरळ वाटीत ओतलं. पाण्याचं भांडं तिने खाली जमिनीवर ठेवून दिलं.

बाहेर मण्यांचा एक सर मांडीत पडला. थोड्या वेळाने दुसरा.

पडदा सारून फालेसी आत आली. डोळे लाल होते, पण तिने खिळ्यावरच्या लाल-काळ्या मण्यांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता टेबलावर चढली.

"किती वेळ लागतो गं, सिस्टर?" पाच आठवड्यांपूर्वी इथेच येऊन गेलेली असूनही तिने विचारलं.

"एक मिनिट."

एलुबीने बोळा लावला. भिंतीवरचं घड्याळ केव्हाचं बंद होतं. मिनिट ती एरवी मनातल्या मनात अंदाजाने धरायची. आज तिने खिळ्यावरच्या सराकडे पाहिलं आणि वरच्या मण्यापासून एकेक मोजायला सुरुवात केली. मधले काही मणी झिजून इतके बारीक झाले होते की नजर घसरायची, मग ती थांबून पुन्हा त्याच मण्यावर यायची.

"झालं का?" फालेसीने विचारलं.

"नाही अजून," एलुबी म्हणाली.

साठ झाल्यावर तिने दिवा जवळ ओढला.